‘शिक्षा’ या शब्दाची कैफियत

मुंबईच्या उपनगरांतील शाळांतून रोज एक लहानसा चमत्कार घडतो आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. हिंदीच्या तासाला ‘शिक्षा’ म्हणजे विद्याभ्यास असतो. घंटा होते, मराठीचा तास सुरू होतो, आणि तीच ‘शिक्षा’ हात पुढे करून बाकावर उभी राहते. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतची आमची मुले या दोन अर्थांमध्ये इतक्या सहजतेने ये-जा करतात की, एकाच शब्दाला अशी दोन घरे कशी मिळाली, हा प्रश्न त्यांना पडत नाही. मोठ्यांना तो पडला तो एका सरकारी योजनेच्या निमित्ताने. या शतकाच्या आरंभी केंद्र सरकारचे ‘सर्व शिक्षा अभियान’ महाराष्ट्रात आले, तेव्हा शाळांच्या भिंतींवरचे ते नाव वाचून अनेकांना हसू आले. सर्वांना शिक्षा करण्याची मोहीम म्हणजे काय! त्या हसण्यात एक सत्य दडलेले होते, आणि ते हसून सोडून देण्याजोगे नव्हते, असे आम्हांस वाटते.

साहित्याच्या नियतकालिकात ग्रंथांची समीक्षा होते. प्रस्तुत लेखात आम्ही एका शब्दाची समीक्षा करू इच्छितो. न्यायालय, वर्तमानपत्र, रंगभूमी आणि पवित्र शास्त्र या चारही ठिकाणी वावरणाऱ्या या शब्दाचा मराठी माणसाने कसा उपयोग केला, त्याच्या सोयऱ्याधायऱ्या शब्दांनी त्याच्यावर काय संस्कार केले, आणि ख्रिस्ती वाचक म्हणून त्याचे आपण काय करावे, हा येथील विषय आहे. हा विषय केवळ व्याकरणाचा नाही. ज्याला शिक्षा झाली, त्याच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे पुष्कळदा आपण त्याच्यासाठी वापरलेल्या शब्दावर ठरते.

प्रथम कुळाचा शोध घेऊ. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे. त्याचे इच्छार्थक रूप ‘शिक्ष्’, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा करणे. त्यापासून ‘शिक्षा’ झाली. वेदांच्या सहा अंगांपैकी एकाचे नाव ‘शिक्षा’ असे आहे, आणि त्यात शुद्ध उच्चार कसा करावा हे सांगितले आहे. शब्दाच्या जन्मस्थानी काठी नाही, कोठडी नाही. आहे ती उमेद. ‘मला जमावे’ अशी इच्छा. शेजारचा ‘शास्’ हा धातू मात्र अधिक कडक आहे. शिकवणे, आज्ञा करणे, ताब्यात ठेवणे आणि दंड करणे ही सारी कामे तो एकटा करतो. ‘शास्त्र’ त्याचेच, ‘शिष्य’ त्याचाच, ‘अनुशासन’ त्याचेच, आणि ‘शासन’ही त्याचेच. म्हणूनच ‘महाराष्ट्र शासन’ असे आपण लिहितो आणि ‘अपराध्याला शासन झालेच पाहिजे’ असेही म्हणतो. करवसुलीच्या कागदांतून आजही भेटणारी ‘शास्ती’ ही त्याच घरातली. ज्या समाजाने गुरूला आणि राजाला एकाच धातूने ओळखले, त्या समाजात शिकवणे आणि मारणे यांमधील भिंत पातळ असणार, हे उघड आहे. ‘थांब, तुला चांगलाच शिकवतो’ हे वाक्य कोणत्याही मराठी घरात विद्यादानाचे आश्वासन म्हणून ऐकले जात नाही. ‘धडा’ पुस्तकात असतो, पण ‘धडा शिकवणे’ रस्त्यावर घडते.

तरीही अर्थ हा नुसत्या धातूवर ठरत नाही. नामाचा स्वभाव कळायचा तर त्याच्या पुढे कोणते क्रियापद उभे राहते ते पाहावे. मराठीत शिक्षण ‘दिले’ जाते आणि ‘घेतले’ जाते. देणारा आणि घेणारा दोघेही कर्ते असतात. शिक्षेचे तसे नाही. शिक्षा ‘सुनावली’ जाते, ‘फर्मावली’ जाते, ‘ठोठावली’ जाते. त्या ‘ठोठावणे’ मध्ये हातोड्याचा आवाज आहे. पलीकडचा मनुष्य ती ‘भोगतो’. शिक्षा ‘घेतली’ असे कोणी म्हणत नाही. हिंदीत ‘शिक्षा लेना’ शक्य आहे. मराठीत ते वाक्यच उभे राहत नाही. एका बाजूला ठोठावणारा, दुसऱ्या बाजूला भोगणारा, आणि मध्ये शिकणारा कोणीच नाही, अशी आमच्या भाषेने शिक्षेची मांडणी करून ठेवली आहे. आमची या शब्दाविषयीची मुख्य तक्रार हीच आहे, आणि पुढील सारे विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे.

आता न्यायालयाच्या दारात जाऊ. खालच्या कोर्टातील न्यायाधीशाला मराठी ‘दंडाधिकारी’ म्हणते. १८६० चा फौजदारी कायदा मराठीत ‘भारतीय दंड संहिता’ म्हणून ओळखला गेला. ‘दंड’ म्हणजे मुळात काठी. राजाच्या हातातील तीच काठी राजसत्तेची खूण झाली, साम-दाम-दंड-भेदातील तिसरा उपाय झाली, तालमीत जोर-बैठकांच्या जोडीला आली, आणि देवापुढे आडव्या पडलेल्या भक्ताच्या ‘दंडवता’तही राहिली. पण रोजच्या मराठीत तिचा अर्थ आकसून पैशापुरता उरला आहे. विनातिकीट प्रवासात होतो तो दंड, ग्रंथालयात उशीर झाल्यास भरतो तो दंड. त्यामुळे सामान्य मनुष्याला ‘दंड संहिता’ हे पावत्यांचे पुस्तक वाटावे, आणि त्याच पुस्तकात ‘देहदंड’ वाचून दचकावे, अशी स्थिती झाली. १ जुलै २०२४ पासून ही संहिता गेली आणि तिच्या जागी ‘भारतीय न्याय संहिता’ आली. नावातून ‘दंड’ जाऊन ‘न्याय’ आला, ही गोष्ट शब्दांच्या अभ्यासकाने नोंदवावी अशीच आहे. मात्र नाव बदलले म्हणजे स्वभाव बदलतो असे नाही. नव्या संहितेतही मृत्युदंड, जन्मठेप, सक्त आणि साधी कैद, मालमत्तेची जप्ती आणि द्रव्यदंड हे जुने पाचही प्रकार कायम आहेत. सहावा तेवढा नवा आहे: सामुदायिक सेवा. त्याचा विचार पुढे करू.

फारसीतून आलेली ‘सजा’ ही शिक्षेची सवत. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘योग्य’, ‘लायक’, ‘ज्याचे त्याला साजेसे’ असा आहे. म्हणजे सजेत मोजमाप गृहीत आहे. जेवढे केले तेवढेच मिळावे, अधिक नाही. न्यायाच्या दृष्टीने हा फार मोलाचा अर्थ होय. हिंदी चित्रपटांनी तिला इतके आरडाओरडा करायला लावले की तिच्यातील हे माप हरवले. ‘कैद’ अरबीतून आली, ‘कारावास’ आणि ‘बंदिवास’ संस्कृतातून आले, आणि ‘तुरुंग’ पोर्तुगीजांच्या ‘त्रोंको’ वरून आला. त्रोंको म्हणजे झाडाचा ओंडका. कैद्याचे पाय ज्यात अडकवीत ते लाकडी खोडे. पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर आम्हांला क्रूस दिला, पाव दिला, आणि हा ओंडकाही दिला, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. ‘क्रूस’ आणि ‘तुरुंग’ एकाच गलबतातून उतरले असतील, तर तुरुंगातल्या माणसाला आपण परका म्हणू शकत नाही.

‘सक्तमजुरी’ हा शब्द तर स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. ‘सक्त’ म्हणजे कठोर, आणि ‘मजुरी’ म्हणजे श्रम तसेच श्रमाचा मोबदलाही. कित्येक वर्षे या शब्दातील पहिला अर्थ कैद्याच्या वाट्याला पुरेपूर आला आणि दुसरा जवळजवळ आलाच नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की, सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घेणे कायदेशीर असले तरी त्याला न्याय्य वेतन दिले पाहिजे, आणि त्यातील काही भाग अपराधाने पीडित झालेल्यांसाठी बाजूला काढण्याचा विचार राज्यांनी करावा. आमच्या दृष्टीने त्या दिवशी ‘मजुरी’ या शब्दाला त्याचा हरवलेला अर्थ परत मिळाला. अपराधी, त्याचे श्रम आणि ज्याचे नुकसान झाले तो मनुष्य, हे तिघे प्रथमच एका वाक्यात आले.

‘जन्मठेपे’ची कथा उलट आहे. येथे लोकभाषेने शब्दाचा अर्थ लहान केला. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, ही समजूत इतकी रुजली आहे की तिच्यावर पैज लावणारे भेटतात. मराठी शब्दात ‘जन्म’ स्पष्ट लिहिलेला असतानाही! १९६१ साली गोपाळ विनायक गोडसे यांच्या अर्जावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा शिक्षेचा अर्थ उरलेले सारे आयुष्य असाच आहे. सूट देणे ही सरकारची बाब. चौदाचा आकडा आला तो १९७८ च्या दुरुस्तीतून, आणि तोही काही गंभीर अपराधांत मुदतीपूर्वी सोडण्याआधी किमान चौदा वर्षे गेली पाहिजेत, अशा अटीच्या रूपाने. अर्थात जो खालचा उंबरठा होता, त्याला लोकांनी छत मानले. जुन्या मराठीत याच्या शेजारी ‘काळे पाणी’ आणि ‘डामल’ हे शब्द होते. डामल हा ‘दायम-उल-हब्स’, म्हणजे कायमची कैद, या अरबी शब्दबंधाचा मराठी तोंडात झिजलेला गोटा. १ जानेवारी १९५६ पासून समुद्रापारच्या हद्दपारीची जागा कायद्यात जन्मठेपेने घेतली आणि डामल कोशात गेला.

उपनगरांतील वस्त्यांत ऐकू येणारा आणखी एक शब्द म्हणजे ‘तडीपार’. ऐकणाऱ्याला ती शिक्षाच वाटते. वस्तुतः तडीपारीचा हुकूम न्यायालय देत नाही; १९५१ च्या पोलीस कायद्याखाली पोलीस अधिकारी तो काढतो, आणि त्याची मुदत दोन वर्षांपलीकडे जात नाही. कायदा तिला प्रतिबंधक उपाय म्हणतो. घर सोडून जाणाऱ्याला आणि मागे राहणाऱ्या आईला मात्र हा भेद कळत नाही. येथे आपण शिक्षेच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यापाशी येतो: जी शिक्षा म्हणून ओळखली जात नाही, पण भोगली मात्र जाते ती.

खटला चालू असताना कोठडीत असणाऱ्याला मराठी ‘कच्चा कैदी’ म्हणते. शब्द साधा दिसतो, पण त्याने निकाल देऊन टाकलेला आहे. कच्चे फळ आज ना उद्या पिकणारच. कच्चा कैदी आज ना उद्या पक्का होणारच, असे हा शब्द कानात सांगतो. कायदा मात्र त्याला निर्दोष मानतो. २०२२ अखेरच्या अधिकृत आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी तिघे कच्चे कैदी होते. असा कैदी पुढे दोषी ठरला, तर कोठडीतले दिवस त्याच्या शिक्षेतून वजा होतात. म्हणजे त्या दिवसांना मागाहून का होईना, ‘शिक्षा’ हे नाव मिळते. तो निर्दोष सुटला तर? त्या दिवसांना मग कोणते नाव? दंड नव्हे, सजा नव्हे, शास्ती नव्हे. इतकी संपन्न आमची भाषा, पण निरपराध्याने भोगलेल्या कैदेसाठी तिच्यापाशी एकही शब्द नाही.

येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांचे स्मरण येथे टाळता येत नाही. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना रांची येथे अटक झाली, तळोजा येथील कारागृहात ठेवण्यात आले, आणि ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, कोठडीत असतानाच, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कंपवाताने हात थरथरत असल्याने पेला धरता येत नाही, म्हणून त्यांना नळीचा पेला मागावा लागला होता. खटल्याची सुनावणी सुरूही झाली नव्हती. आरोपांच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. आम्ही फक्त शब्द तपासत आहोत. आणि कोशातील प्रत्येक शब्द हाताळून झाल्यावर आम्हांला सांगावे लागते की, त्या नऊ महिन्यांना काय म्हणावे हे मराठीला माहीत नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. आश्चर्य असे की, मराठीने जी दोन दालने वेगळी केली, ती नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही एकाच छपराखाली आहेत. ‘पायदेइया’ म्हणजे मुलाला वाढवणे, घडवणे, आणि वेळ पडल्यास शासन करणे. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात देव आपल्या लेकरांना जी शिस्त लावतो, तिच्यासाठी हाच शब्द योजिला आहे. तेथे बाप आणि मूल हे नाते आधी आहे, शासन नंतर. जुन्या करारातील ‘मूसार’ हा इब्री शब्दही असाच दुहेरी आहे. नीतिसूत्रांच्या ग्रंथात तो शिकवण म्हणून येतो, आणि यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात, जो आपण शुभ शुक्रवारी ऐकतो, तो दुःखी सेवकाने आपल्यासाठी सोसलेल्या शासनाच्या अर्थाने येतो. याउलट मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी सार्वकालिक शिक्षेसाठी ‘कोलासिस’ हा वेगळा शब्द आहे. मराठी अनुवादकाने या दोहोंसाठी ‘शिक्षा’ हा एकच शब्द वापरला, तर बापाची काळजी आणि अंतिम निवाडा यांच्यातील अंतर वाचकाला दिसेनासे होते. आमच्या मते पहिल्या ठिकाणी ‘शिस्त’ अथवा ‘संस्कार’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘शिक्षा’ असा विवेक पाळणे इष्ट होय. मत्तयाच्या त्या अध्यायाविषयी आणखी एक गोष्ट. ज्यांना तेथे शिक्षा होते, त्यांचा एक अपराध हा आहे की, कोणी तुरुंगात असताना ते त्याला भेटायला गेले नाहीत. शिक्षा झालेल्याकडे पाठ फिरवणे हेच तेथे शिक्षेचे कारण ठरले आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील एक स्थळ तर भाषेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारे आहे. पिलात म्हणतो की येशूच्या ठायी मरणयोग्य अपराध नाही, म्हणून त्याला फटके मारून सोडतो. त्या फटक्यांसाठी पिलाताच्या तोंडी जे क्रियापद आहे, ते ‘पायदेइया’च्याच कुळातले. त्याच लूकने प्रेषितांच्या कृत्यांत मोशेने मिसरी विद्येचे शिक्षण घेतले हे सांगताना तेच क्रियापद वापरले आहे. सत्ताधाऱ्याच्या तोंडी ‘शिकवणे’ हा शब्द गेला की त्याचे काय होते, याचे याहून भेदक उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. निर्दोष म्हणून जाहीर केलेल्या माणसाला ‘धडा शिकवून’ सोडण्याची ही तऱ्हा पहिल्या शतकाबरोबर संपली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

मराठी रंगभूमीने याच व्यथेवर एक श्रेष्ठ नाटक लिहिले. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आले. अंधेरीच्या शेजारी असलेल्या विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या भेटीतून त्याचे बीज तेंडुलकरांना मिळाले. म्हणजे हे नाटक आपल्या लोकलच्या डब्यातलेच. त्यात मुंबईहून एका गावी प्रयोगासाठी आलेली मंडळी वेळ घालवण्यासाठी लुटुपुटूचा खटला उभारतात आणि आपल्यातीलच लीला बेणारे हिला भ्रूणहत्येची आरोपी करतात. हळूहळू खेळ खरा होतो. ती अविवाहित आहे, गर्भवती आहे, आणि त्या मुलाचा बाप असलेले प्राध्यापक दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत.

समीक्षकांनी या नाटकातील क्रौर्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते एका साध्या गोष्टीकडे: बेणारे ही शाळेत शिकवते. ती शिक्षिका आहे. जिने आयुष्यभर ‘शिक्षण’ दिले, तिला तिचे सहकारी ‘शिक्षा’ देतात. आणि त्या शिक्षेच्या आधी तिची शिक्षिकेची नोकरी जाणार असल्याचे कळते. शब्दाच्या दोन अर्थांपैकी एकाने दुसऱ्याला गिळण्याचा प्रसंगच जणू तेंडुलकरांनी रंगमंचावर घडवला. न्यायाधीश झालेले काशीकर स्वतःच साक्षही देतात. आरोप करणारा, साक्ष देणारा आणि ठोठावणारा एकच होतो. निकालात तर न्यायाची पूर्ण उलटापालट आहे. ज्या भ्रूणहत्येचा आरोप ठेवून खटला सुरू झाला, तीच भ्रूणहत्या शिक्षा म्हणून फर्मावली जाते. आई जगेल, पण पोटातील मूल नष्ट केले जाईल! त्या खोलीत ज्याने कोणताही अपराध केलेला नाही असा एकच जीव आहे, आणि देहदंड त्यालाच.

ख्रिस्ती वाचकाने हे नाटक नीतिभ्रष्ट म्हणून दूर ठेवावे, असे मत आपल्या समाजात कधी कधी ऐकू येते. आम्हांला ते मान्य नाही. बेणारेचे वागणे योग्य होते असे नाटक म्हणत नाही, आणि आम्हीही म्हणणार नाही. पण योहानाच्या आठव्या अध्यायातील मंदिराचे आवार आठवावे. तेथेही एका स्त्रीला मध्ये उभे केले होते; नियमशास्त्राप्रमाणे दोघांवर दोष येत असता पुरुष तेथेही गैरहजर होता; आणि आरोप करणाऱ्यांना तिच्या सुधारणेत काडीचाही रस नव्हता. फरक इतकाच की, त्या आवारात न्याय करण्याचा खरा अधिकार असलेला एक जण उपस्थित होता, आणि त्याने शिक्षा न ठोठावता तिला पुन्हा पाप न करण्याची आज्ञा दिली. म्हणजे त्याने तिला शिकवले. काशीकरांच्या कोर्टात तो नव्हता. तेंडुलकरांनी ती जागा रिकामी दाखवली, आणि आमच्या मते त्या रिकाम्या जागेतच नाटकाचे मोठेपण आहे.

मग शिक्षा नकोच काय? असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्याचे घर लुटले, ज्याची लेक मारली गेली, त्याला ‘शिक्षा हा वाईट शब्द आहे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या जखमेचा अपमान. ख्रिस्तसभा शिक्षेचा अधिकार नाकारत नाही. धर्मशिक्षणग्रंथ अपराधाने बिघडलेली व्यवस्था सावरणे हा शिक्षेचा हेतू सांगतो, आणि तिने अपराध्यासाठी औषधाचे काम करावे असेही सांगतो. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रंथात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. कारण मेलेला रुग्ण औषध घेऊ शकत नाही. २०२१ साली सुधारलेल्या धर्मसभेच्या कायद्यातही शिक्षेचे तीन हेतू स्पष्ट आहेत: न्यायाची पुनःस्थापना, अपराध्याची सुधारणा आणि समाजाला लागलेल्या ठेचेची भरपाई. हे तिन्ही एकत्र असतील तरच ती शिक्षा. नुसता सूड असेल, तर त्याला सूडच म्हणावे.

आपल्या भाषेत या तीन हेतूंना सामावणारा एक शब्द आहे: प्रायश्चित्त. क्रियापदाच्या कसोटीवर तो पाहावा. प्रायश्चित्त ‘दिले’ जाते आणि प्रायश्चित्त ‘घेतले’ जाते. शिक्षेला जे जमले नाही, ते त्याला जमते. येथे अपराधी पुन्हा कर्ता होतो. पापनिवेदनाच्या संस्कारात आपण नेमके हेच करतो. आधी कबुली, मग क्षमा, आणि त्यानंतर स्वीकारलेले प्रायश्चित्त. नव्या संहितेतील ‘सामुदायिक सेवा’ ही या अर्थाच्या सर्वांत जवळची. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी केलेल्याने माल परत केला, अथवा मद्यधुंद अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन केले, अशा काही थोड्या अपराधांसाठी न्यायालय विनावेतन लोकोपयोगी काम करण्यास सांगू शकते. ती राबवणाऱ्यांनी अपराध्याच्या हाती झाडू देऊन त्याचे प्रदर्शन मांडले, तर ती नवी विटंबना ठरेल. त्याने ज्या समाजाला दुखावले त्याच समाजात त्याला कामाची जागा दिली, तर मात्र ‘शिक्षा’ शब्दाला आपल्या जन्मस्थानी, त्या समर्थ होण्याच्या इच्छेपाशी, परतता येईल.

असे घडू शकते काय? २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात समंदर सिंग याने सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये भोसकून हत्या केली. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. त्या कुटुंबाच्याही विनंतीवरून २००६ साली त्याची सुटका झाली, आणि त्याने आपले कृत्य उघडपणे कबूल करीत उरलेले आयुष्य बदलले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. न्यायालयाने ठोठावलेल्या जन्मठेपेतील अकरा वर्षे त्याने भोगली, हे कोणी पुसू नये. पण तो शिकला तो त्या राखीच्या दिवसापासून, असे आम्ही समजतो. कोठडीने त्याचे शरीर अडवले. त्याला माणूस म्हणून पुन्हा ‘कर्ता’ केले ते भावाच्या नात्याने.

शेवटी आपल्या घरातील बोलण्याविषयी. कोणी आजारी पडले, कोणाचे मूल गेले, की ‘देवाने शिक्षा केली’ असे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच हिशेब मांडला होता, आणि प्रभूने तो नाकारला. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्या अठरा जणांविषयीही नाकारला. आपण तो मांडू नये. कोठडीत असलेल्याला ‘गुन्हेगार’ म्हणण्याआधी निकाल लागला आहे का, हे विचारावे. लागला नसेल तर ‘आरोपी’ हा शब्द पुरे. सुटून आलेल्याला ‘तुरुंगातला’ असे विशेषण जन्मभर चिकटवू नये, कारण न्यायालयाने त्याला मुदत घालून दिली होती आणि आपली जीभ मुदत पाळत नाही. २६ डिसेंबर २०२४ रोजी, जयंती वर्षाच्या आरंभी, पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात पवित्र द्वार उघडले. असे द्वार आपल्याला आपल्या बोलण्यातही उघडता येईल. शब्दकोशातील ‘शिक्षा’चा अर्थ आपण बदलू शकत नाही; पण शिक्षा भोगून आलेला मनुष्य रविवारी मिस्साला आपल्या बाकाशेजारी उभा राहिला, तर सरकून त्याला जागा देणे आपल्या हाती आहे. आमच्या मते या शब्दावरील सर्वांत चांगले भाष्य तेच ठरेल.